हरभऱ्याच्या झाडाखाली

महाराष्ट्राचे राज्य सांप्रत कोणाच्या हाती आहे, या विषयावर वर्तमानपत्रांत रोज जे रकाने भरतात ते वाचून माझ्यासारख्या पेन्शनर माणसाची सकाळ बरी जाते. तथापि या मुलखावर खरी सत्ता कोणाची चालते असे विचाराल तर, मंत्रिमंडळे येवोत वा जावोत, ती हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाची चालते आणि ती उलथवून टाकण्याचे सामर्थ्य आजवर कोणत्याही पक्षास आलेले नाही, असे माझे नम्र परंतु ठाम मत आहे. पाहुणा अवचित आला तर पिठले, पाऊस आला तर भजी, मुलगा पास झाला तर लाडू, नापास झाला तर त्याची समजूत घालण्यास बटाटेवडा, होळीला पुरण, दिवाळीला शेव, देवळात गूळ-फुटाणे, एस.टी.च्या स्थानकावर चणे, आणि लग्नाच्या पंगतीत वधूपक्षाची अब्रू राखण्यासाठी अळूच्या भाजीतून डोके वर काढणारी डाळ. महाराष्ट्रीय मनुष्याच्या आयुष्यातील एकही प्रसंग असा नाही की ज्याच्या कागदावर या पिठाची मोहोर उमटलेली नाही. जगात पिकणाऱ्या हरभऱ्यापैकी निम्म्याहून अधिक हरभरा एकट्या भारतात पिकतो आणि त्यात महाराष्ट्राचा नंबर पहिल्या काही प्रांतांत लागतो, हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उमेदीची वर्षे घालवून, रब्बीच्या पीकपाहणीचे कागद तपासता तपासता ‘हरभरा’ हा शब्द मी इतक्या वेळा वाचला आहे की सेवानिवृत्तीनंतरही झोपेत तो माझ्या तोंडून निघतो, अशी आमच्या कुटुंबाची तक्रार आहे.

अशा या निष्कंटक साम्राज्यात, आमच्याच घरी, माझ्या एकुलत्या एका नातवाच्या रूपाने एक बंडखोर जन्मास आला.

प्रकरण उघडकीस आले ते बोरन्हाणाच्या दिवशी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही उरकावयाच्या या सोहळ्यात लहान मुलास काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात आणि त्याच्या मस्तकावर बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा आणि ओला हरभरा यांचा वर्षाव करतात. जमलेली पोरे त्यावर तुटून पडलेली असताना आमच्या उत्सवमूर्तीने, आपल्याला फेकून मारण्यात येणाऱ्या पदार्थांपैकी खाण्याजोगा कोणता याची शांतपणे चौकशी करून, हिरवेगार सोलाणे उचलले आणि तोंडात घातले; आणि दुसरे उचलण्यास हात पुढे करावा तोच त्याचे ओठ सुजले, डोळे मिटत आले आणि सर्वांगावर गांधी उठल्या. त्यानंतर जे घडले त्यास उपचार म्हणावे की दंगल, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. एका आजीबाईंनी ‘‘दृष्ट लागली’’ असा निकाल देऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसरीने ‘‘पित्त उठलंय’’ म्हणून आमसुलाचा कोळ चोळला. तिसरीने, कोळ वाळण्याची वाट न पाहता, त्यावर गेरू फासला. आमच्या सूनबाई तेवढ्या काही न बोलता उठल्या, पोरास काखेत मारले आणि थेट रुग्णालय गाठले. तेथे कपाळावर मोहऱ्या, अंगावर आमसूल आणि गेरू, गळ्यात हलव्याचा हार आणि मनगटावर हलव्याच्या बिंदल्या असा तो बाळकृष्ण पाहून ड्यूटीवरील तरुण डॉक्टरने प्रथम विचारले म्हणतात, ‘‘यातलं आजारामुळे किती आणि सणामुळे किती, तेवढं आधी सांगा.’’

त्या डॉक्टरने सुई दिली, पोर तासाभरात हसू लागले, आणि आम्हांस एका विशेषज्ञाकडे जाण्याचा हुकूम झाला. तेथील चाचणी मी जातीने पाहिली. नातवाच्या कोपराखालच्या हातावर त्या बाईंनी पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याजवळ एकेका पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवला, थेंबातून त्वचेस बारीकशी टोच दिली आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावयास सांगितले. ते रकाने आणि क्रमांक पाहून मला गावच्या गटवारीच्या नकाशाची आठवण झाली. आणि पाहता पाहता त्यांतील एका गटावर उघड अतिक्रमण झाले. तूर स्वच्छ, मूग स्वच्छ, शेंगदाणा स्वच्छ, मसुरीवर किंचित संशय. आणि हरभऱ्याच्या जागी एवढी मोठी गांधी की डॉक्टरबाईंनी पट्टी लावून मोजण्याचे केवळ शिरस्त्यासाठी केले. तीन मिलिमीटर पुरेसे असते म्हणे. आमच्या नातवाने कोणत्याही परीक्षेत पासापुरते गुण मिळवून थांबावयाचे नाही, हा घराण्याचा बाणा तेव्हाच दाखविला.

‘‘डॉक्टर, हरभराच कसा?’’ मी काकुळतीने म्हणालो. ‘‘शेंगदाण्याचं ऐकलं होतं, माशांचं ऐकलं होतं. आमच्याकडे मासे येतही नाहीत. त्यातलं एखादं असतं तर...’’

‘‘आजोबा, हे अर्ज करून मिळत नाही,’’ त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी सांगितले की मुंबईच्या डॉक्टरांनी २००१ सालीच शोधनिबंध लिहून, आपल्या उपखंडात हरभरा हा ॲलर्जी आणणारा एक प्रमुख पदार्थ असल्याचे नोंदविले आहे. म्हणजे सरकार दप्तरी नोंद होती. आमच्यापर्यंत नक्कल तेवढी आली नव्हती. निरोप देताना त्यांनी एक लहान पेटी आमच्या हवाली केली. तीत ॲड्रेनॅलिनची कुपी, सुया आणि कागदावर लिहिलेली मात्रा होती. श्वास लागला, आवाज बसला, पोर मलूल झाले तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचावयाचे. ‘‘पित्ताच्या गोळीवर विसंबू नका. आधी सुई, मग रुग्णालय, मग देव,’’ हा त्यांचा क्रम आमच्या कुटुंबास तितकासा रुचला नाही, पण तिने तो पाठ केला. टोचण्याचा सराव घरातील प्रत्येकाने संत्र्यावर केला. माझा हात इतका थरथरला की संत्रे बचावले आणि टेबलक्लॉथ दगावला.

घरी परतल्यावर सूनबाईंनी फर्मान काढले आणि माजघरापासून माळ्यापर्यंत जप्ती सुरू झाली. पंचनामा लिहिण्याचे काम, पूर्वानुभव ध्यानात घेऊन, माझ्याकडे आले. डाळीचे पीठ, हरभऱ्याची डाळ, डाळं, फुटाणे आणि शेव हा मुद्देमाल कोणीही ओळखला असता. परंतु जसजसे डबे उघडत गेले तसतसे ध्यानात आले की या पिठाचे हस्तक सर्व खात्यांत पेरलेले आहेत. थालिपिठाच्या भाजणीत डाळ. सांबाराच्या मसाल्यात डाळ. दडप्या पोह्यांवर घालावयाच्या चटणीत डाळं. कढी दाट होते ती पिठाने, कोबीची भाजी सजते ती भिजविलेल्या डाळीने, आणि आजाऱ्यास, बाळंतिणीस, दात आलेल्या बाळास व दात गेलेल्या म्हाताऱ्यास निःशंकपणे द्यावे असे जे एकमेव सात्त्विक अन्न आमच्याकडे मानले जाते ते मेतकूटही त्याच गुन्ह्यात सामील निघाले. मेतकुटाचा डबा बाहेर गेला तेव्हा आमच्या कुटुंबाने पदर डोळ्यांस लावला. शेवटी न्हाणीघरातून एक वाटी सापडली. पोरास जन्मापासून साय आणि डाळीचे पीठ लावून न्हाऊ घालीत असत आणि न्हाल्यावर ते जे लाल होऊन किंचाळे, त्यास मालिशवाली बाई ‘‘रंग उजळतोय’’ असे म्हणे.

या जप्तीतून पुढे जी व्यवस्था निर्माण झाली तिचे वर्णन करावयास माझ्याजवळ एकच शब्द आहे: सोवळे. आमच्या सूनबाई उच्चशिक्षित, विज्ञाननिष्ठ, एका मोठ्या कचेरीत अधिकारी; लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्यांनी आमच्या देवघरातील सोवळ्याची धाबळी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली होती. त्याच सूनबाईंनी आता फोडणीचे वेगळे पळे, वेगळी कढई, वेगळी पोळपाट-लाटणी आणि त्यांवर लाल रंगाची खूण असा बंदोबस्त केला. बाहेरून आलेल्याने आधी हातपाय आणि तोंड धुवावे. बाहेर काही खाल्ले असल्यास सदरा बदलावा. लाल खुणेच्या भांड्यास कोणी शिवू नये. आमचे कुटुंब हे सर्व पाहून प्रथम चकित आणि मग कृतार्थ झाले. ‘‘सासूबाई आज असत्या,’’ ती मला हळूच म्हणाली, ‘‘तर सुनेच्या पायाचं तीर्थ घेतलं असतं.’’ शिवाय तिचा एक खाजगी लाभ या प्रकरणात झाला. ती रत्नागिरीकडची, मी देशावरचा. पिठले म्हणजे कुळथाचे की बेसनाचे हा दावा आमच्या लग्नापासून प्रलंबित होता. कुळीथ डॉक्टरांच्या देखत, रुग्णालयातच, चिमटी-चिमटीने खाऊ घालून निर्दोष ठरला, नातवाने त्याचे पिठले वाटी चाटूनपुसून संपविले आणि खर्चासह निकाल माझ्याविरुद्ध लागला. होळीचे पुरणही आता तुरीच्या डाळीचे होते. गुजरातेत तसेच करतात, तेव्हा त्यात कमीपणा नाही असे मी सर्वांस सांगतो; सांगताना तोंडातील घास गिळावा लागतो एवढेच.

घरातील शत्रूचा बीमोड झाला म्हणून मुलूख सुरक्षित होतो असे नाही, हा धडा पिठाच्या गिरणीने शिकविला. ज्वारी आमची, डबा आमचा, पण जाते सार्वजनिक. आमच्या आधी कोणाची डाळ दळली गेली असेल तर तिचा अंश आमच्या भाकरीत उतरणारच. सबब, सकाळी गिरणी उघडण्याआधी पहिला डबा लावून बसण्याची कामगिरी पेन्शनर या नात्याने माझ्यावर सोपविण्यात आली. पहिल्याच दिवशी मी गिरणीवाल्यास विचारले, ‘‘काल रात्री शेवटचं दळण कशाचं होतं?’’

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि भिंतीवरील गणपतीच्या तसबिरीवर सारखाच पिवळसर पांढरा थर होता.

‘‘गव्हाचं,’’ तो म्हणाला.

‘‘आणि त्याआधी?’’

‘‘काका, तुम्ही इन्कमटॅक्सवाले का?’’

मी सर्व हकीकत सांगितली. तो मनुष्य मनाचा थोर. त्याने गिरणी थांबविली, फडक्याने तोंड झाडले, पट्ट्यावर थाप मारली, वरच्या पेटीतून ब्रश फिरविला, आधी आमचीच मूठभर ज्वारी भर म्हणून टाकून ते पीठ बाजूस काढले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, ‘‘आता बघा. एक कण राहिला असेल तर नाव बदलीन.’’ असे म्हणून त्याने ज्या फडक्याने हात पुसले आणि मग आमच्या डब्याच्या कडा निगुतीने पुसून दिल्या, ते फडके आदल्या दिवशी डाळीच्या पोत्यावर अंथरलेले होते. आम्ही घरघंटी विकत घेतली. ती चालू असताना शेजारी भिंतीवर थापा मारतात.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मराठी मनुष्य भुतावर विश्वास ठेवील, मांजर आडवे गेल्यावर ठेवील, रस्त्याच्या खड्ड्यांविषयी दिलेल्या आश्वासनावरदेखील ठेवील. परंतु बेसनाने कोणाचे वाईट होते यावर त्याचा विश्वास बसणे नाही. साप विषारी असतो हे त्यास मान्य आहे. लाडू कसा असेल? समोरच्या ब्लॉकमधील निवृत्त बँक मॅनेजर मला जिन्यात गाठून नेहमी सांगत, ‘‘रोज चिमूटभर द्या हो. अंगाला सवय होते.’’ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तशा प्रकारचे उपचार कोठे कोठे करतात हे खरे. पण जिन्यात करीत नाहीत. शेवटी मी ग्रंथालयात बसून पुरावा जमा केला आणि त्यांस शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाची कथा ऐकविली. या गृहस्थाने समुद्रपुष्प नावाच्या जलचराचे विष कुत्र्यांस टोचले. त्यातून जगलेल्या कुत्र्यास काही आठवड्यांनी तेच विष अगदी थोड्या मात्रेत पुन्हा दिले, तो त्याची अंगाला सवय होण्याऐवजी ते काही मिनिटांत गतप्राण झाले. आणि या शोधाबद्दल रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मॅनेजरसाहेबांनी कठड्यास टेकून सर्व कथा लक्षपूर्वक ऐकली. बराच विचार केला.

‘‘पण ती फ्रेंच कुत्री,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांनी आपलं बेसन कुठे खाल्लं होतं?’’

‘‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’’ असे म्हणणाऱ्यांचा दुसरा एक मोठा वर्ग आहे. त्यांच्याशी आमचे कुटुंब परस्पर बोलते. ‘‘होतं की,’’ ती म्हणते, ‘‘तेव्हा त्याला बाहेरची बाधा म्हणायचे.’’ परंतु या दोहोंपेक्षा भयंकर वर्ग प्रेमळ माणसांचा. माझी एक वहिनी, साक्षात अन्नपूर्णा, पोराच्या पथ्याची हकीकत ऐकून अश्रू ढाळीत गेली आणि दुसऱ्या दिवशी डबाभर अळूवड्या घेऊन आली.

‘‘वहिनी, यात बेसन...’’

‘‘इश्श! वेडी का मी? बेसन नाही हो घातलं. घरचं डाळीचं पीठ आहे. मुद्दाम त्याच्यासाठी दळून आणलं.’’

तिच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून, त्या अळूवड्या पोटात घालण्यावाचून मला गत्यंतर राहिले नाही. ही गोष्ट वाचकांनी जरा ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध आहे.

बाजारात मिळणाऱ्या पुड्यांचे म्हणाल तर त्यांवर २०२० च्या नियमांप्रमाणे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांची सूचना छापावी लागते; त्या यादीत गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, सोयाबीन इत्यादिकांस मानाची पाने मांडलेली आहेत, हरभऱ्यास मात्र पंगतीबाहेर ठेवले आहे. तो सापडतो घटकांच्या यादीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. कोठे ‘चना’, कोठे ‘बेसन’, कोठे ‘बंगाल ग्राम’. हा इसम गावोगाव नावे बदलून हिंडतो आणि मी भिंग घेऊन दुकानात त्याचा माग काढतो, हे दृश्य पाहून मोहल्ल्यातील एका दुकानदाराने मला अन्न व औषध खात्याचा मनुष्य समजून चहा पाजला होता. चांगला होता.

सर्वांत मोठी परीक्षा लग्नसमारंभाची. भाचीच्या लग्नात मी पंगत बसण्याआधी मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्याची जबानी घेतली. गड्याच्या डोक्यास पंचा गुंडाळलेला, हातात पुरुषभर उंचीचा उलथणा, आणि समोर रटरटणारी अळूची भाजी.

‘‘महाराज, यात हरभरा आहे?’’

‘‘डाळ आहे, वर पीठ लावलंय. त्याशिवाय मिळून येत नाही.’’

‘‘कोबीत?’’

‘‘डाळ.’’

‘‘चटणीत?’’

‘‘डाळं.’’

‘‘कढीत?’’

‘‘साहेब, कढीला पीठ लावायचं नाही तर काय सिमेंट लावायचं?’’

‘‘जिलबीत?’’

येथे तो जरा घुटमळला. जिलबी मैद्याची, पण कुरकुरीत राहावी म्हणून त्यात किंचित पीठ टाकण्याची त्याची स्वतःची युक्ती होती आणि ती चारचौघांत फुटावी अशी त्याची इच्छा नव्हती. मी वचन दिले म्हणून त्याने कबुली दिली. आज हे वचन मोडत आहे, पण मी त्याचे नाव सांगितलेले नाही. शेवटी वरण, भात, तूप, लिंबू, काकडीची कोशिंबीर आणि पापड एवढे जिन्नस निर्दोष ठरले. मी समाधानाने वळलो तोच पाठीमागून हाक आली, ‘‘साहेब! पापड नको. भजी त्याच तेलात तळलीत.’’ त्या एका हाकेबद्दल मी त्या माणसास मनोमन नमस्कार करतो. एवढ्या नातलगांत मला पुरते उत्तर देणारा तेवढाच एक निघाला. नातवाने वरणभात तीनदा मागून घेतला. आग्रह करणाऱ्या वरपित्याने जिलबीचे ताट पुढे केले तेव्हा त्याने पानावर आडवा हात धरून मोठ्या माणसासारखे सांगितले, ‘‘मला चालत नाही. आजोबांना वाढा.’’

आणि हेच या प्रकरणातील माझे दुखणे आहे. पोर आता शाळेत जाते आणि पथ्याच्या बाबतीत आम्हा सर्वांहून दक्ष आहे. हातात काहीही पडले की ‘‘यात काय काय आहे?’’ हा त्याचा पहिला प्रश्न. मग देणारा वर्गमित्र असो, मामा असो की प्रत्यक्ष देव असो. देवळात पुजाऱ्याने चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद हातावर ठेवला तेव्हाही त्याने तोच प्रश्न विचारला. ‘‘बाळ, प्रसादानं काही होत नाही,’’ पुजारी म्हणाला. ‘‘मला होतं,’’ नातू म्हणाला आणि प्रसाद माझ्या ओंजळीत रिता केला. प्रसाद टाकू नये, अन्न वाया घालवू नये आणि प्रेमाने दिलेले नाकारू नये, अशी तीन कलमे माझ्यावर लहानपणापासून लागू असल्यामुळे नातवास वर्ज्य ते सर्व माझ्या खाती जमा होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे भिजवलेले हरभरे आणि वाटीभर आंब्याची डाळ, मी खाल्ली. संतोषीमातेचा चित्रपट १९७५ साली आला तेव्हापासून वरच्या मजल्यावरील बाई शुक्रवार करतात आणि खाली गूळ-चणे पाठवितात. ते मी खातो. वहिनीच्या अळूवड्यांचे वर सांगितलेच आहे. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण माझ्या वयाच्या माणसाने खरी करून दाखवावयाची, तर माझे दात देवाने नेमके याच कामासाठी राखले आहेत. मधुमेहाच्या डॉक्टरने परवा माझे कागद पाहून विचारले, ‘‘पथ्य घरात नक्की कोणाला आहे?’’

बरे, खाऊन भागत नाही. खाल्ल्यानंतर मी ओवळा होतो. पावसाळ्यात सिंहगडावर जाऊन, धुक्यात, मळलेल्या बाकड्यावर बसून, कढईतून उतरलेली कांदाभजी कागदावर घेऊन खाणे हे ज्यास पाप वाटते त्याच्याशी मला बोलावयाचे नाही. तेथून उतरताना मी हात धुतो, चूळ भरतो, बडीशेप चावतो, पिशवीतून आणलेला दुसरा सदरा घालतो आणि मुद्रा शक्य तितकी निर्विकार करून घराची घंटा वाजवितो. दार नातू उघडतो. दोन पावले मागे सरकतो. हवेत नाक उचलून एकदा श्वास घेतो आणि आत वर्दी देतो:

‘‘आई, आजोबांच्या मिशा गडावर जाऊन आल्यात.’’

त्यानंतर त्या संध्याकाळी मांडीवर बसणे बंद, गोष्ट दाराबाहेरून, आणि पापा दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर. डॉक्टरबाईंनी दरवर्षी फेरतपासणी सांगितली आहे. काही मुलांची ॲलर्जी मोठेपणी जाते, काहींची जात नाही, असे त्या म्हणतात. गेल्या खेपेस गांधी पूर्वीहून जरा लहान उठली होती. सूनबाईंनी ते माप कपाटाच्या दारावर, पोराच्या उंचीच्या खुणेशेजारी, तारखेनिशी लिहून ठेवले आहे.

दिवाळी तोंडावर आली आहे. आप्तेष्ट, स्नेही, माजी सहकारी आणि समोरच्या ब्लॉकमधील मॅनेजरसाहेब या सर्वांस या लेखाद्वारे विनंती करण्यात येते की आमच्या घरी येताना लाडू, शेव, चिवडा, मोतीचूर, म्हैसूरपाक किंवा चकली यांपैकी काहीही आणू नये. ‘घरचं आहे’, ‘साजूक तुपातलं आहे’, ‘थोडंसंच आहे’ ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. यावयाचे ते हात धुऊन यावे आणि फारच वाटले तर पोरासाठी नारळ आणावा. तथापि ज्यांचे लाडू आधीच वळून झाले असतील त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सकाळी फिरावयास म्हणून मी सोसायटीच्या मागील बागेत, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसतो. डबा तेथे समक्ष आणून द्यावा. पोच लेखी मिळणार नाही.